पांढरी गोळी, नाव नाही

प्रति,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,

सिल्लोडला मेडिकलवर ताप-अंगदुखी सांगितली की चिठ्ठी न मागता गोळ्या मिळतात. कात्रीने कापलेल्या चार गोळ्या, कागदाच्या पुडीत, बिलाशिवाय. आपल्याला हे ठाऊक नसेल, असे मी मानत नाही. अनुसूची 'एच'मधली औषधे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, हे पाहण्यासाठीच तर आपले प्रशासन आहे ना?

बहुतेकांना या गोळ्या बाधत नाहीत, मान्य. पण फिटवरची कार्बामाझेपिन, युरिक ॲसिडवरची ॲलोप्युरिनॉल, सल्फाच्या गोळ्या, काही वेदनाशामके क्वचित एखाद्याची कातडी सोलून काढतात. आधी ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड; मग भाजल्यासारखी अंगाची साल निघते. डॉक्टर याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. आमच्याकडे 'उष्णता बाहेर पडली' म्हणतात आणि वर आणखी एक गोळी देतात. बहुधा औषध सुरू केल्यावर एक ते चार आठवड्यांत हे होते. तोवर पुडी उकिरड्यावर गेलेली असते. पहिला उपचार म्हणजे बाधलेले औषध तत्काळ बंद करणे. घाटी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 'कोणती गोळी?' विचारले, तर नातेवाइकांनी काय सांगावे? पांढरी होती?

याच आजाराच्या उग्र रूपाने अनुराधा साहा 1998 साली मुंबईत वारल्या. कोलकात्यात त्यांना स्टिरॉइडचा अवाजवी मारा झाला होता. पती स्वतः डॉक्टर, तरी त्यांनी लढलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा सुमारे सहा कोटींच्या भरपाईचा निकाल यायला 2013 उजाडले. तिथे निदान कोणते इंजेक्शन किती दिले, याचा कागद होता. बिल नसलेल्या शेतमजुराने कुठल्या कोर्टात काय दाखवावे?

औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम 2010 पासून आहे. रुग्णालाही तक्रार करता येईल, असे सांगितले गेले. 1800-180-3024 हा क्रमांक दिला गेला. मी औषधे घेतो त्या दुकानांत तो कुठेही लावलेला नाही. पाळीच्या दुखण्यावर घरोघरी घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये इशारा दिला: त्वचेबरोबर आतल्या अवयवांनाही धोका. तो इशारा आमच्या काउंटरपर्यंत पोचवणे कोणाचे काम होते?

सिल्लोड तालुक्यातल्या दुकानांची शेवटची तपासणी कधी झाली? चिठ्ठी आणि बिलाविना विक्रीबद्दल किती जणांवर कारवाई झाली? उत्तर लेखी हवे, तारखांसह. 'योग्य ती कार्यवाही सुरू आहे' एवढेच कळवणार असाल, तर टपालखर्च वाचवावा.

आपला,
सिल्लोडचा एक नागरिक