रिव्ह्यू पटला नाही, म्हणजे तो 'पेड'च असतो का?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओचा 'राजी' हा व्हिडिओ गेम 2020 मध्ये आला. त्यातली चित्रं समीक्षकांनी वाखाणली. लढाईचा भाग मात्र काहींना कच्चा वाटला. ज्याने चित्रांना महत्त्व दिलं त्याने जास्त गुण दिले, ज्याने लढाईला दिलं त्याने कमी. यात लबाडी कुणाचीच नाही. तरीही आवडत्या गेमला गुण कमी पडले की सोशल मीडियावर लगेच आरोप होतो: 'याने पैसे खाल्ले!'

मग खरी लबाडी ओळखायची कशी? मतावरून नाही, व्यवहारावरून. 2016 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॉर्नर ब्रदर्सवर ठपका ठेवला. 'शॅडो ऑफ मॉर्डोर' या गेमचं कौतुक करायला यूट्यूबर्सना पैसे दिले आणि ते प्रेक्षकांना नीट सांगितलं नाही, हा तो आरोप होता.

भारतातही जानेवारी 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन प्रचार केला, तर इन्फ्लुएन्सरने तसं स्पष्ट सांगायचं असतं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत एखादा पोरगा साठवलेल्या पैशांतून गेम घेणार असेल, तर त्याला दोन वेगळी मतंच उपयोगी पडतात. वेगळं बोलणाऱ्या प्रत्येकाला चोर ठरवलं, तर प्रामाणिक माणूस गप्प बसेल आणि खरा चोर त्याच गर्दीत लपेल.