रविवारची सहल व नवे उद्योग

प्रत्येक काळांत तरुणांच्या तोंडीं एखादा शब्द विशेष असतो. आमच्या आजोबांच्या तरुणपणीं तो ‘सरकारी नोकरी’ हा होता. वडिलांच्या वेळीं ‘इंजिनिअर’ हा होता. आज तो ‘स्टार्टअप’ हा आहे. दहावीच्या वर्गांत ‘पुढें कोण काय होणार?’ असा प्रश्न निघाला, कीं चार-पांच हात तरी ‘स्वतःचा स्टार्टअप काढणार’ म्हणून वर होतात. या उमेदीचें कौतुक करावें तितकें थोडेंच आहे. परंतु त्याच वेळीं दुसरी एक गोष्ट घराघरांतून हळूहळू नाहींशी होत चालली आहे. ती म्हणजे सर्व कुटुंबानें मिळून केलेली रविवारची सहल. या दोन गोष्टींचा परस्परांशीं कांहींच संबंध नाहीं, असें वरवर पाहणारास वाटेल. माझ्या मतें तो संबंध फार निकटचा आहे. आणि पहिलीचा बळी देऊन दुसरी मिळविण्याची जी घाई आज चालली आहे, ती दोहोंचेंही नुकसान करणारी आहे.

प्रथम स्टार्टअप म्हणजे काय, हें पाहूं. प्रत्येक नवें दुकान म्हणजे स्टार्टअप नव्हे. भारत सरकारनें १६ जानेवारी २०१६ रोजीं अशा नवोद्योगांस उत्तेजन देण्याची योजना सुरू केली. २०१९ सालीं ठरलेल्या व्याख्येप्रमाणें दहा वर्षांहून जुनी नसलेली, कोणत्याही वर्षीं शंभर कोटी रुपयांहून अधिक उलाढाल न झालेली, आणि वस्तु, सेवा अथवा पद्धति यांत कांहीं नावीन्य आणणारी संस्था तेवढी या सदरांत पडे. कायद्याची भाषा बाजूस ठेवून सांगावयाचें, तर सर्वजण जी अडचण निमूटपणें सोशीत असतात, ती एखाद्याच्या डोळ्यांस खुपते आणि नव्या साधनानें ती दूर करण्यास तो कंबर कसतो; येथेंच नव्या उद्योगाचा जन्म होतो. यंत्र, भांडवल आणि जाहिरात हीं मागाहून येतात.

आतां असा प्रश्न आहे, कीं अडचण डोळ्यांस खुपते ती कोठें? बंद खोलींत दिव्याखालीं बसून ती क्वचितच दिसते. एक अलीकडचें उदाहरण घ्या. २००५ सालच्या दिवाळींत बेंगळुरु येथें नोकरी करणारा फणींद्र समा हा तरुण सणासाठीं हैदराबादेस घरीं जाण्यास निघाला. परंतु त्यास बसचें तिकीट कोठेंच मिळालें नाहीं. कोणत्या गाडींत जागा आहे आणि कोणत्या नाहीं, हें एका ठिकाणीं कळण्याची सोयच नव्हती. ही अडचण त्याच्या मनांत घर करून राहिली. पुढें त्यानें दोघां मित्रांसह २००६ सालीं ‘रेडबस’ ही संस्था काढली, आणि घरबसल्या बसचें तिकीट काढण्याची सोय लक्षावधि प्रवाशांस झाली. ही गोष्ट सांगतांना तिकिटाविषयीं पुष्कळ बोललें जातें. मूळ कारणाकडे मात्र कोणी लक्ष देत नाहीं. त्या तरुणास घरची ओढ होती! सणासुदीस घरच्या माणसांत जावें, असें त्यास वाटलेंच नसतें, तर बसचें तिकीट न मिळाल्याचें दुःख त्यास काय झालें असतें?

आपल्या प्रांतांतील एक जुनें उदाहरण याहूनही बोलकें आहे. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनीं १८५० सालीं माथेरानचा डोंगर पाहिला व तेव्हांपासून तें हवा खाण्याचें ठिकाण झालें. परंतु नेरळहून वर जावयाचें म्हणजे घोडा, पालखी किंवा स्वतःचे पाय. मुंबईचे व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्यानें आपला पैसा घालून या डोंगरावर दोन फूट रुंदीच्या रुळांची आगगाडी नेली; १९०७ सालीं ती सुरू झाली. सुमारें वीस-एकवीस किलोमीटरांचा तो नागमोडी मार्ग आजही पाहणारास थक्क करतो. त्या काळीं ‘स्टार्टअप’ हा शब्द कोणाच्या गांवींही नव्हता. पण लोकांनीं मुलाबाळांसह डोंगरावर जावें आणि त्यांस सुखानें जातां यावें, या साध्या गरजेंतून एवढें मोठें काम उभें राहिलें. तात्पर्य, सहल ही उद्योगाची वैरीण नसून पुष्कळ वेळां त्याची आईच असते.

सहलींत मुलांस काय मिळतें, असें कोणी विचारील. मोकळी हवा आणि व्यायाम हीं तर मिळतातच. परंतु त्यांहून मोठी गोष्ट म्हणजे पाहण्याची संवय. रविवारीं सकाळीं सिंहगडावर जाऊन पाहावें. तानाजीच्या पराक्रमाची गोष्ट वडील सांगतात, ती तर ऐकावीच. पण वाटेवर मडक्यांतील दहीं, कांदाभजीं आणि झुणका-भाकर विकणाऱ्या मावशींकडेही लक्ष द्यावें. दुधाचें ओझें डोक्यावर घेऊन त्या भल्या पहांटे गड चढलेल्या असतात. किती मडकीं आणावयाचीं याचा अंदाज त्यांस आदल्या रात्रींच करावा लागतो. पाऊस आला तर माल अंगावर पडतो, ऊन पडलें तर दुपारींच संपतो. २०१६ पासून सुरू झालेल्या यूपीआयच्या सोयीनें त्यांच्या टोपलीपाशीं चौकटींच्या नक्षीचा एक कागद आला आहे, आणि दहा रुपयांचे व्यवहारही मोबाइलवरून होऊं लागले आहेत. परंतु गडाच्या आडोशाला मोबाइलची रेंज गेली, कीं तें सारें थांबतें. मग मावशी हंसून म्हणतात, ‘राहूं दे बाळा, खालीं उतरल्यावर पाठव.’ त्या एका वाक्यांत विश्वास, उधारी, यंत्राची मर्यादा आणि व्यापाराचें मर्म हीं सर्व आलीं. व्यवहाराचा हा धडा कोणत्याही पुस्तकांत इतक्या थोडक्यांत सांपडणार नाहीं. ज्याला उद्यां कारखानदार व्हावयाचें आहे, त्यानें आज आईवडिलांबरोबर असे दहा गड चढावे. त्याच्या वहींत लिहिण्यासारख्या शंभर अडचणी त्यास आपोआप दिसतील.

आपल्या देशांतील कामकऱ्यांस हा रविवार सहजासहजीं मिळालेला नाहीं, हेंही विसरतां कामा नये. गेल्या शतकाच्याही मागील शतकांत मुंबईच्या गिरण्यांतून कामगार सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबत, आणि आठवड्याची ठराविक सुटी त्यांस नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं गिरणी-कामगारांची संघटना उभारली व आठवड्यांतून एक दिवस विश्रांतीचा मिळावा अशी मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजीं मुंबईंत सुमारें दहा हजार कामगारांची सभा भरली. तींत दोन कामगार स्त्रियांनींही भाषणें केलीं. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी मान्य केली. महाराष्ट्रांत रविवार हा खंडोबाचा वार. तो देवाचा होताच, त्या दिवसापासून तो घराचाही झाला. सहा वर्षें झगडून मिळविलेली ही ठेव आहे. तिच्याकडे आळशाची चैन म्हणून पाहणें हें कृतघ्नपणाचें होय.

दुर्दैवानें आज नेमका तसाच सूर ऐकूं येऊं लागला आहे. २०२३ सालीं इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ति यांनीं तरुणांनीं आठवड्यास सत्तर तास काम करावें असें मत दिलें. जानेवारी २०२५ मध्यें लार्सन अँड टूब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचें, आठवड्यास नव्वद तास आणि रविवारींही काम करावें, अशा आशयाचें बोलणें प्रसिद्ध झालें व त्यावर देशभर वाद माजला. साधें गणित करून पाहावें. सत्तर तास सहा दिवसांत वांटले, तर रोज अकरा तास चाळीस मिनिटें होतात. आणि नव्वद तास सातही दिवसांत वांटले, तरी रोज जवळजवळ तेरा तास पडतात. झोंप, जेवण आणि शहरांतील जाण्यायेण्याचा वेळ वजा घालतां घरासाठीं काय उरतें, हें पांचवीच्या मुलासही सांगतां येईल. मोठ्या माणसांविषयीं अनादर मनांत न धरतां असें म्हणावेंसें वाटतें, कीं या हिशेबांत घर नांवाचा रकानाच राहून गेला आहे.

हें मीं ऐकीव गोष्टींवरून लिहीत नाहीं. माझे थोरले बंधु तीन वर्षांपासून एका नव्या कंपनींत काम करीत आहेत. ते हुशार आहेत, कष्टाळू आहेत, आणि आपल्या कामावर त्यांचें मनापासून प्रेम आहे. परंतु रविवारीं आईनें डबा भरून ठेवावा आणि निघतांना फोन वाजावा, हें आमच्या घरीं नित्याचें झालें आहे. आमच्या आजीची इच्छा होती, कीं सर्वांनीं मिळून कार्ल्यास जावें, लेणीं पाहावीं आणि एकवीरेचें दर्शन घ्यावें. तीन वेळां दिवस ठरला व तीनही वेळां पुढें ढकलावा लागला. ‘पुढच्या महिन्यांत काम जरा हलकें होईल’, असें बंधु म्हणत, आणि तें त्यांस खरेंही वाटत असे. या वर्षीं काम खरोखरच थोडें हलकें झालें आहे. परंतु आतां आजीच्यानें पायऱ्या चढवत नाहींत. कंपनीच्या हिशेबांत हा तोटा कोठेंही लिहिला जाणार नाहीं.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, कीं कष्टांवांचून मोठें कार्य कोणीं केलें आहे? आक्षेप योग्य आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १८८८ सालीं बेळगांवास सायकलींच्या लहानशा दुकानापासून आरंभ केला. त्यांनीं लोखंडी नांगर केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासेल या भीतीनें शेतकरी तो घेईनात; तरी त्यांनीं धीर सोडला नाहीं, आणि १९१० सालीं औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी उभी केली. त्यांनीं घड्याळाकडे पाहून काम केलें असेल, असें मीं म्हणत नाहीं. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्यासही रविवार नसतो. परंतु पेरणी हा हंगाम आहे. बारा महिने कोणी पेरीत बसत नाहीं. शिवाय किर्लोस्करांनीं माळावर कारखान्याबरोबर वस्तीही वसविली; काम आणि घर हीं एकमेकांचीं शत्रु नव्हेत, हें त्यांनीं कृतीनेंच दाखवून दिलें.

उलट, केवळ धांवपळीनें उद्योग तरतो असेंही नाहीं. विद्यार्थ्यांस शिकविण्याचें काम करणारी ‘बायजूज’ ही संस्था २०११ सालीं निघाली. २०२२ सालीं तिचें मूल्य बावीस अब्ज डॉलर ठरविण्यांत आलें होतें. आणि जुलै २०२४ मध्यें तिच्यावर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली. तेथें कष्टांची वाण होती, असें कोणीही म्हणणार नाहीं. वेळेवर हिशेब प्रसिद्ध करण्याची मात्र वाण होती. थकलेल्या मनास वेग समजतो, दिशा समजत नाहीं. दिशा समजण्यास मधून मधून थांबावें लागतें. आणि थांबण्यासाठींच तर रविवार आहे.

सहलीस जाणाऱ्या आपणां मंडळींसही दोन शब्द सांगणें जरूर आहे. डोंगरावर जाऊनही ज्याची मान मोबाइलवरून वर होत नाहीं, तो घरींच राहिला असता तरी चाललें असतें. एखाद्या धबधब्याचें चित्र मोबाइलवर पाहून हजारों लोक एकाच रविवारीं तेथें लोटतात, पण तेथील पाणी केव्हां चढतें, हें कोणासच ठाऊक नसतें. ३० जून २०२४ रोजीं, रविवारींच, लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ सहलीस आलेल्या एका कुटुंबांतील पांच जण पाण्याच्या लोंढ्यांत वाहून गेले. त्यांत लहान मुलेंही होतीं. ज्या साधनानें गर्दी जमविली, त्याच साधनानें वेळेवर इशारा देतां येणार नाहीं काय? डोंगरावर पाऊस वाढला, कीं खालच्या माणसाच्या खिशांतील यंत्र ओरडूं लागेल, अशी भरंवशाची सोय प्रत्येक धबधब्यापाशीं करणें हें, दहा मिनिटांत घरीं किराणा पोंचविण्याहून कितीतरी मोलाचें काम आहे. आपल्यापैकीं जे हात वर करतात, त्यांनीं असल्या कामांकडे दृष्टि वळवावी.

विद्यार्थीबंधूंनो व भगिनींनो, आपल्यांतून पुढें अनेक जण नवे उद्योग काढतील, व त्यांनीं ते अवश्य काढावे. नोकरी मागणारा देश नोकरी देणारा व्हावा, ही इच्छा थोर आहे. परंतु जो उद्या चार माणसांस कामावर ठेवील, त्यानें एवढें ध्यानांत ठेवावें, कीं त्या चार माणसांच्या मागें चार घरें आहेत. त्या घरांत कोणी म्हातारी आजी दिवस मोजीत बसली आहे आणि कोणी लहान मूल बूट घालून दारांत उभें आहे. आपल्या कारखान्याच्या पहिल्या नियमांतच रविवार लिहून ठेवा. आणि तोंपर्यंत, येत्या रविवारीं वडिलांना जवळच्या एखाद्या टेंकडीवर नेण्याचा हट्ट धरा. असला हट्ट मुलांनीं धरावा, आणि वडिलांनीं तो पुरवावा, यांतच दोघांचें कल्याण आहे.