बॅटरी स्वस्त झाली, पण परभणीत इन्व्हर्टर घेताना आधी चार्जिंगचा हिशोब करा

२२ सप्टेंबर २०२५ पासून लेड-ॲसिड बॅटरीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. लगेच "बॅटरी १० टक्के स्वस्त" असे मेसेज फिरायला लागले. आकडा तेवढा नाही. आधी १०० रुपयांची वस्तू १२८ ला पडायची, आता ११८ ला पडते. म्हणजे कपात पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. १६,००० ची बॅटरी १४,७५० ला मिळेल, ती पण दुकानदाराने पूर्ण कपात तुमच्यापर्यंत पोचवली तर. इन्व्हर्टरच्या डब्यावर आणि लिथियम बॅटरीवर आधीपासूनच १८ टक्के होता, तिथे काहीच बदललं नाही.

साडेबाराशे रुपये वाचले, चांगलंच आहे. पण परभणी जिल्ह्यात खरा प्रश्न वेगळा आहे. आपल्याकडे पाच वर्षं चालायला हवी ती बॅटरी दोन-अडीच वर्षांत का बसते? आणि नेमकी मे महिन्यात रात्री अकराला, घरात बारावीनंतरच्या परीक्षेचं पोरगं अभ्यासाला बसलेलं असताना, इन्व्हर्टर टूं-टूं करून का बंद पडतो?

आधी लाइट कशी जाते ते बघू. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे महावितरणने भारनियमन केलं, ते सगळीकडे सारखं नव्हतं. वीजगळती, आकडे टाकून होणारी चोरी आणि थकीत बिलं यांवरून फीडरचे ए ते जी असे गट पाडलेले असतात. तेव्हा कात्री लागली ती शेवटच्या जी-१, जी-२, जी-३ गटांतल्या फीडरना. म्हणून एकाच गावात एका गल्लीत लाइट आणि पलीकडच्या गल्लीत अंधार, असं होऊ शकतं. तुम्ही बिल वेळेवर भरत असाल, पण फीडर अख्ख्या भागाचा असतो. (परळीचं औष्णिक वीज केंद्र गंगाखेडच्या शेजारी असल्याचा इथे काही फायदा नाही. ती वीज ग्रिडमध्ये जाते. आणि २०१५ मध्ये तर पाण्याअभावी परळीचे संचच बंद ठेवावे लागले होते.)

दुसरा प्रकार बिघाडाचा. वळवाच्या पावसात तार तुटली, फेज गेला, डीपी जळाली. डीपी जळाली की गावाला किती दिवस थांबावं लागतं, ते गावाकडच्या वाचकाला मी सांगायची गरज नाही.

तुमच्याकडे यातला कोणता प्रकार जास्त आहे, हे कळल्याशिवाय दुकानात जाऊ नका. मी पुण्यात असतो, घर सेलू तालुक्यात. घरच्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला, नाव ठेवलं ‘लाइन’. लाइट गेली की "गेली", आली की "आली", एवढंच टाकायचं. वेळ ॲप स्वतःच नोंदवतं. आईने पहिल्या दिवशी "आली" बरोबर गुड नाइटचं गुलाबाचं फूलही पाठवलं, ते सोडा. महिनाभरात दोन गोष्टी हातात येतात: लाइट एका वेळी जास्तीत जास्त किती तास गेली, आणि परत आल्यावर सलग किती तास टिकली. दुसरा आकडा कोणी विचारत नाही, पण माझ्या मते महत्त्वाचा तोच आहे.

पहिल्या आकड्यावरून बॅटरी ठरते. दुकानात सगळे "किती व्हीए?" पासून सुरुवात करतात. व्हीए फक्त एवढंच सांगतो की एका वेळी किती लोड ओढता येईल. ९०० व्हीएचा इन्व्हर्टर ढोबळमानाने ६०० ते ७०० वॅट झेपवतो, आणि नुसते दिवे-पंखे असतील तर तेवढा भरपूर झाला. किती वेळ चालेल, ते बॅटरीच्या एएच वर आहे. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॅट-तास. पण हा लेबलवरचा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी करून मोजलेला असतो. डीसीचं एसी करताना थोडी वीज वाया जाते आणि बॅटरी रोज तळापर्यंत ओढायचीही नसते. हाताशी हजारेक वॅट-तास धरा.

आता घरातला लोड मोजू. दोन जुने पंखे, ७५ वॅटचे: १५०. ९ वॅटचे तीन एलईडी: २७. राउटर १०. दोन मोबाइल चार्जिंगला: २०. एकूण २०७ वॅट, म्हणजे पाच तासही पुरत नाही. हेच दोन पंखे ३० वॅटचे बीएलडीसी घेतले तर एकूण ११७ वॅट होतात आणि तीच बॅटरी साडेआठ तास जाते. रात्री दहा ते सकाळी साडेसहा! म्हणजे दिव्यांचा प्रश्न एलईडीने केव्हाच सोडवलाय, बॅटरी खातो तो पंखा. जीएसटीच्या कपातीत वाचलेले पैसे मी पहिल्यांदा पंख्याकडे वळवीन.

मग २२० एएचची मोठी बॅटरी का घेऊ नये? इथे दुसरा आकडा कामाला येतो. घरगुती इन्व्हर्टर साधारण १० ते १५ ॲम्पियरने चार्ज करतो. त्या वेगाने १५० एएचची पूर्ण रिकामी बॅटरी भरायला दहा ते पंधरा तास लागतात. तुमच्याकडे लाइट सलग सहा तासच राहत असेल तर मोठी बॅटरी म्हणजे मोठी टाकी, पण तोटी तीच बारीक. टाकी कधी भरणारच नाही. आणि अर्धवट भरलेली लेड-ॲसिड बॅटरी नुसती अर्धवट राहत नाही, ती खराब होते. प्लेटवर सल्फेटचे खडे जमतात, ते घट्ट झाले की पुन्हा विरघळत नाहीत आणि क्षमता कायमची जाते. "कंपनीच बोगस" म्हणून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात अनेकदा बॅटरी उपाशी मेलेली असते.

यात अजून एक भानगड आहे. बऱ्याच इन्व्हर्टरवर एक छोटा स्विच असतो: यूपीएस आणि नॉर्मल (काही कंपन्या त्याला इको म्हणतात). यूपीएस मोडमध्ये मशीन साधारण १८० ते २६० व्होल्टच्या बाहेरची लाइन घेतच नाही. नॉर्मलवर १०० ते २९० पर्यंत चालवून घेतं. संध्याकाळी गावात व्होल्टेज १६०-१७० वर उतरलं आणि स्विच यूपीएसवर असला, तर लाइट असूनही घर बॅटरीवर चालतं. चार्जिंग शून्य, उलट बॅटरी रिकामी. मग रात्री खरंच लाइट जाते तेव्हा काही उरलेलं नसतं. घरात डेस्कटॉप कॉम्प्युटर नसेल तर स्विच नॉर्मलवर ठेवा. फुकटातला उपाय आहे, आत्ता उठून बघून या.

उन्हाचंही तसंच. बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरून सांगतात. त्यावर दर दहा अंशांमागे ते साधारण निम्मं होतं. मे मध्ये परभणीचा पारा चाळिशीच्या पुढेच असतो आणि आपण बॅटरी ठेवतो गच्चीवरच्या जिन्याच्या पत्र्याखाली, कारण घरात ॲसिडचा वास येतो. खालच्या मजल्यावर, सावलीत, हवा खेळती राहील अशी जागा शोधा. उन्हाळ्यात दर महिन्याला पाणी बघा. टाकायचं ते डिस्टिल्ड वॉटरच. जारचं आरओ पाणी चालत नाही, त्यात क्षार उरलेले असतात.

लिथियम घ्यावी का? १२.८ व्होल्ट, १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी वापरायला जवळपास तेवढीच वीज देते जेवढी १५० एएचची लेड-ॲसिड. पाणी नको, अर्धवट चार्जिंगने बिघडत नाही, आणि चार्जर मोठा असेल तर भरतेही पटकन. महाग आहे, आणि जीएसटीच्या कपातीने दोघींतलं अंतर अजून थोडं वाढलंय. तरी ‘लाइन’ ग्रुपवर लाइट सलग टिकत नाही असं दिसलं, तर मी लिथियमच घेईन. फक्त इन्व्हर्टर लिथियम चालवणारा हवा, जुन्या डब्याला तशीच जोडायची नाही.

वसमत रोडला किंवा कुठेही भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांनी एवढा खटाटोप करू नये. बॅटरीवाला एलईडी बल्ब तीन-चार तास उजेड देतो, राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, मोबाइलला पॉवर बँक. फार वेळ लाइट गेली तर टॉवरच्याही बॅटऱ्या संपतात, तेव्हा नोट्स आधीच डाउनलोड केलेल्या बऱ्या.

राहिलं सोलर. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि "सोलर बसवलं की लाइट जाणार नाही" असं समजून लोक कर्ज काढतायत. साधी ऑन-ग्रिड सिस्टीम लाइट गेली की भर दुपारीही बंद पडते. तो बिघाड नाही, मुद्दाम केलेली सोय आहे: तुमच्या छतावरची वीज उलटी लाइनमध्ये गेली तर खांबावर चढलेला लाइनमन जाईल. लाइट गेल्यावरही घर चालवायचं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. अनुदान किलोवॅटवर ठरतं, बॅटरीचा खर्च तुमच्या खिशातून. कोटेशनवर सही करण्याआधी त्यात ‘ऑन-ग्रिड’ लिहिलंय की ‘हायब्रिड’ ते बघा. ऑन-ग्रिड असेल, तर बिल कमी येईल, पण रात्रीच्या अंधारासाठी वरची सगळी आकडेमोड तुम्हाला करावीच लागेल.