क्रमांक कोणाला द्यायचा?

१

गेल्या दशकभरात आपल्या विद्यापीठीय व्यवहारात 'संशोधकाचा ओळखक्रमांक' ही संज्ञा रुळली आहे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'ऑर्किड' या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक संशोधकाला सोळा स्थानांचा एक क्रमांक मिळतो. त्यातील शेवटचे स्थान आधीच्या पंधरा अंकांवरून गणिताने ठरते, त्यामुळे लिहिताना झालेली चूक सहसा पकडता येते. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राची 'विद्वान' ही सूचीही संशोधकांना असाच क्रमांक देते. नेमणूक, बढती, प्रकल्प यांच्या अर्जांत या क्रमांकांसाठी रकाने येऊ लागले आहेत.

मराठी विभागांत याविषयी दोन प्रकारची भाषा ऐकू येते. पहिला पक्ष म्हणतो की माणसाचा आकडा करणारी ही नवी नोकरशाही आहे आणि साहित्याच्या अभ्यासकाने तिच्यापासून दूर राहावे. दुसरा पक्ष म्हणतो की ही तांत्रिक बाब आहे, ती ग्रंथपालाने आणि संगणक सांभाळणाऱ्याने पाहावी. दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर एकमत आहे : या प्रश्नाचा समीक्षेशी काही संबंध नाही. प्रस्तुत लेखाचा विरोध या एकमताला आहे. क्रमांक देण्यापूर्वी तो कोणाला द्यायचा हे ठरवावे लागते, आणि 'ही दोन नावे एका लेखकाची की दोघांची?' हा प्रश्न वाङ्मयसंशोधनाचाच आहे. तो आपण टाळला तर त्याचे उत्तर मराठी न जाणणारे कोणीतरी आपल्या वतीने देईल, किंबहुना देतच आहे.

२

उदाहरणासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. वेंगुर्ले तालुक्यातील खानोली या गावावरून पडलेले 'खानोलकर' हे आडनाव घेऊ. तालिकेत या आडनावाखाली निदान चार ग्रंथकर्ते येतात. एक, गं. दे. खानोलकर, 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक' या चरित्रमालेचे कर्ते. दुसरे, 'कोंडुरा' आणि 'चानी' यांचे कर्ते चिं. त्र्यं. खानोलकर (१९३०-१९७६). तिसरे, कर्करोगसंशोधक डॉ. व. रा. खानोलकर. चौथ्या, सावित्रीबाई खानोलकर : स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या, विवाहानंतर नाव आणि देश दोन्ही बदललेल्या, परमवीर चक्राची आकृती रेखाटणाऱ्या आणि 'सेंट्स ऑफ महाराष्ट्र' हे इंग्रजी पुस्तक लिहिणाऱ्या. केवळ 'खानोलकर' एवढा उल्लेख करणाऱ्या तळटीपेने या चौघांपैकी कोणाकडेही नेता येते.

आता उलट बाजू पाहा. चौघांतील दुसऱ्या खानोलकरांची कविता 'खानोलकर' या नावाखाली सापडतच नाही. 'जोगवा' (१९५९), 'दिवेलागण' (१९६२) आणि 'नक्षत्रांचे देणे' (१९७५) हे संग्रह 'आरती प्रभु' यांचे आहेत. १९७८ चा साहित्य अकादमी पुरस्कार 'नक्षत्रांचे देणे'ला मिळाला, तो याच नावाने. 'प्रभु' हे कोकणात सर्रास आढळणारे आडनाव असल्यामुळे अनभिज्ञ तालिकाकार 'प्रभु, आरती' अशी नोंद करतो आणि एका अस्तित्वात नसलेल्या कवयित्रीची तालिकेत भर पडते.

देवगड तालुक्यात जन्मलेल्या गोविंद विनायक करंदीकर यांची अवस्था याहून चमत्कारिक आहे. 'विंदा' हे 'गोविंदा'तून आलेले टोपणनाव आहे, ती आद्याक्षरे नव्हेत. तरीही 'विं. दा. करंदीकर' असे टिंबे देऊन छापलेले नाव आपल्याला जागोजाग भेटते. ज्ञानपीठ पुरस्काराने गौरवलेल्या कवीची ही स्थिती असेल, तर आरवलीच्या जयवंत दळवींनी 'ललित'मध्ये 'ठणठणपाळ' होऊन लिहिलेल्या मजकुराची किंवा जिल्ह्यातल्या एखाद्या हस्तलिखितात तीन नावांनी लिहिणाऱ्या अल्पज्ञात कवीची काय स्थिती होईल, हे सांगावयास नको.

३

'आरती प्रभु आणि खानोलकर ही एकच व्यक्ती आहे, तेव्हा एक क्रमांक द्या आणि मोकळे व्हा,' असे यावर कोणी म्हणेल. येथेच खरा वाद सुरू होतो.

ग्रंथालयीन नियमांचा इतिहास या बाबतीत मोठा बोधप्रद आहे. जुन्या नियमांचा कल टोपणनाव बाजूस सारून खऱ्या नावाखाली सर्व ग्रंथ एकत्र करण्याकडे होता. अँग्लो-अमेरिकन नियमावलीच्या १९८८ च्या सुधारित आवृत्तीने वेगळी भूमिका घेतली : एखाद्या व्यक्तीने एका प्रकारचे लेखन एका नावाने आणि दुसऱ्या प्रकारचे दुसऱ्या नावाने जाणीवपूर्वक केले असेल, तर त्या दोन स्वतंत्र ग्रंथकर्ता-ओळखी मानाव्यात, प्रत्येकीची नोंद वेगळी करावी आणि दोहोंना परस्परसंदर्भाने जोडावे. 'ॲलिस'चा कर्ता लुई कॅरल आणि गणितावर लिहिणारा डॉजसन यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. आपल्याकडे कवी आरती प्रभु आणि कादंबरीकार-नाटककार खानोलकर हे याचे तितकेच नमुनेदार उदाहरण आहे.

आजच्या क्रमांकव्यवस्थांतही हेच दोन पक्ष दिसतात. 'ऑर्किड'चा क्रमांक व्यक्तीला मिळतो, आणि टोपणनाव त्या नोंदीत 'अन्य नाव' म्हणून जाते. आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेली 'इस्नी' ही दुसरी व्यवस्था 'सार्वजनिक ओळखी'ला क्रमांक देते. तिच्यात एका व्यक्तीच्या दोन ओळखींना दोन क्रमांक मिळू शकतात. दोन्ही क्रमांक सोळा स्थानांचे आहेत आणि दिसायला सारखे आहेत. त्यांच्यामागे मात्र लेखक म्हणजे कोण याविषयीचे दोन भिन्न सिद्धांत उभे आहेत. एक सिद्धांत लेखकाला देहधारी माणसाशी जोडतो, दुसरा लेखनातून उभ्या राहिलेल्या नावाशी. यांपैकी खानोलकरांच्या बाबतीत कोणता लागू करावा, हे संगणक सांगू शकत नाही. त्यासाठी 'जोगवा'तील कविता आणि 'कोंडुरा'तील गद्य यांचा परस्परसंबंध अभ्यासावा लागतो, आणि हे काम ज्यांचे आहे ते आपणच आहोत.

प्रस्तुत लेखकाच्या मते येथे दोन ओळखी आणि त्यांना जोडणारा स्पष्ट दुवा हाच मार्ग योग्य होय. कवितेसाठी निराळे नाव घेणे आणि ते अखेरपर्यंत चालवणे ही त्या लेखकाची वाङ्मयीन कृती आहे. सोयीसाठी ती पुसून टाकण्याचा अधिकार तालिकेला नाही. परंतु दुवा न देता दोन नोंदी सुट्या ठेवणे हेही तितकेच गैर आहे, कारण मग खानोलकरांवरील प्रबंधातून त्यांची कविताच गळून पडते.

४

आपल्याकडील सिद्धांतप्रेमी अभ्यासक येथे बार्थच्या 'लेखकाच्या मृत्यू'चा दाखला देतील. लेखकच उरला नाही, तर क्रमांक कोणाला? परंतु फुकोच्या १९६९ च्या व्याख्यानाचे ज्यांनी केवळ शीर्षक वाचलेले नाही, त्यांना ठाऊक आहे की लेखकाचे नाव वर्गीकरणाचे कार्य करते, हाच त्याचा मुद्दा होता. ते नाव काही संहिता एकत्र आणते आणि काही दूर ठेवते. ग्रंथसंग्रहालयाची तालिका ही हे कार्य उघड्या डोळ्यांनी पाहता येण्याची जागा आहे. फुकोवर व्याख्याने द्यायची आणि तालिकेला कारकुनी म्हणायचे, ही विसंगती आपल्या विभागांत कोणाला खटकत नाही, याचे आश्चर्य वाटते.

शिवाय या प्रश्नासाठी आपल्याला पॅरिसला जाण्याचीही गरज नव्हती. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव एक की दोन, हा वाद एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस 'सुधारक' पत्रातून शि. ए. भारदे यांनी उभा केला, आणि तोही 'भारद्वाज' या टोपणनावाने! नामदेवांच्या गाथेत मिसळलेले विष्णुदास नाम्याचे अभंग वेगळे काढण्याचा खटाटोप आपल्या संतसाहित्याच्या अभ्यासाचा एक मोठा भाग आहे. नाममुद्रा एक असली म्हणून कवी एक ठरत नाही, हे आपल्या संशोधनाने फार पूर्वी शिकवले आहे.

या परंपरेतील एक थोर नाव मालवणचे आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्म १८३७ मध्ये मालवणात झाला. मुंबई सरकारने चालवलेल्या संस्कृत हस्तलिखितांच्या शोधकार्यात त्यांनी जे अहवाल लिहिले, त्यांत कर्त्याचा काळ आणि ओळख निश्चित करण्याचे काम पानोपानी आहे. अशा अहवालांच्या आणि याद्यांच्या आधारे ऑफ्रेश्ट यांनी १८९१ ते १९०३ या काळात 'कॅटलॉगस कॅटलॉगोरम' ही ग्रंथ आणि ग्रंथकारांची महासूची तीन भागांत सिद्ध केली. संस्कृत विद्येने क्रमांकाविनाच समाननामक कर्त्यांची छाननी केली आणि संदेहाच्या जागी संदेह नोंदवला. विरोधाभास असा की खुद्द भांडारकरांना आज तीच छाननी हवी आहे. त्यांचे पुत्र श्रीधर रामकृष्ण यांनी हस्तलिखितांच्या सूची केल्या आणि देवदत्त रामकृष्ण यांनी पुरातत्त्व आणि शिलालेख यांवर विपुल लिहिले. नुसत्या 'भांडारकर' या निर्देशाने पितापुत्रांचे लेखन एकमेकांच्या खाती जमा होते. 'ऑर्किड'मध्ये स्वतःची नोंद स्वतःच करावी लागते, त्यामुळे दिवंगतांना तेथे वाट नाही. आपल्या वाङ्मयाचे बहुतांश कर्ते दिवंगत आहेत. त्यांच्या वतीने बोलणारा कोणीतरी हवा.

५

दुसरा गुंता लिपीचा आहे. मराठी आद्याक्षरे मात्रेसह अक्षर राखतात : शं., शां., श्री., स., सु., सी. रोमन लिपीत या सहांचा एकच 'एस्' होतो. शंकर, शांता, श्रीपाद, सदानंद, सुभाष आणि सीताराम सावंत ही सहा माणसे 'सावंत, एस्' या एका नोंदीत कोंडली जातात. सावंत, परब, राणे, नाईक, गावडे ही आडनावे ज्या जिल्ह्यात गावोगाव आहेत, तेथे हा केवळ कल्पनेचा खेळ नाही. उलट अमेरिकेतील ग्रंथालयांच्या लिप्यंतर-पद्धतीत अनुच्चारित अकारही लिहिला जातो, त्यामुळे 'खानोलकर' हे नाव तेथे 'खानोलकरा' असे दिसते, आणि इंग्रजी वर्तमानपत्री वर्णलेखनाने शोधणाऱ्याला ते सापडत नाही. एक माणूस अनेक होतो आणि अनेक माणसे एक होतात.

याचा सर्वाधिक फटका स्त्री-संशोधकांना बसतो. विवाहापूर्वी एका नावाने एम. फिल., नंतर दुसऱ्या नावाने पीएच. डी., पुढे दोन्ही आडनावे जोडून पुस्तक, असा क्रम आपल्याकडे नित्याचा आहे. पहिल्या नावाचे लेखन दुसऱ्या नावाच्या हिशेबात धरले जात नाही. माणसाचा आकडा होतो म्हणून हळहळणाऱ्या पहिल्या पक्षाने या बाजूचाही विचार करावा. नाव बदलले तरी न बदलणारा क्रमांक अशा अभ्यासिकेला तिचे स्वतःचे लेखन परत मिळवून देतो.

पहिल्या पक्षाची एक भीती मात्र साधार आहे. ओळखण्यासाठी दिलेला क्रमांक मोजण्यासाठी वापरला जातो. ज्या सूचींवरून ही मोजणी होते, त्यांना बहुतेक मराठी नियतकालिके दिसत नाहीत. तेव्हा आयुष्यभर मराठीत लिहिणाऱ्या अभ्यासकाच्या क्रमांकापुढे शून्य उमटते. परंतु यावर उपाय म्हणून क्रमांक नाकारला, तर ते शून्य पुसले जात नाही. आपल्या नियतकालिकांच्या नोंदी कोणी केल्याच नाहीत, हे त्या शून्याचे कारण आहे.

६

नोंदी करण्याची परंपरा आपल्याकडे नव्हती असे नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ आणि पुढे १९५० पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली. गं. दे. खानोलकरांनी लेखकांची चरित्रे जमवली. सु. रा. चुनेकर यांनी सूचींचीही सूची केली. जया दडकर यांनी चिं. त्र्यं. खानोलकरांचा शोध घेण्यासाठी एक संपूर्ण ग्रंथ खर्ची घातला. ही कामे प्रायः व्यक्तींच्या चिकाटीवर उभी राहिली. विद्यापीठीय विभागांनी त्यांना 'संदर्भसेवा' म्हणून नमस्कार केला आणि संशोधन म्हणून पदवी नाकारली.

तेव्हा मागणी अशी : मराठी लेखकांची एक प्रमाणित नामसूची विभागांनी जिल्हावार करावी, आणि तिचा आरंभ सिंधुदुर्गासारख्या लहान जिल्ह्यापासून व्हावा. प्रत्येक नोंदीत देवनागरी नाव मूळ मानावे, सर्व रोमन रूपे त्याखाली द्यावीत, टोपणनावाची ओळख स्वतंत्र ठेवून दुव्याने जोडावी आणि हा दुवा कोणत्या पुराव्यावर दिला तेही लिहावे. जेथे मतभेद आहे तेथे मतभेद नोंदवावा. दशावतारात आख्यान ठरलेले असते आणि संवाद नट रंगमंचावर रचतो. तेथे 'कर्ता' या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न सोडवण्याच्या घाईपेक्षा तो रकान्यात मावत नाही असे स्पष्टपणे लिहिणे अधिक शास्त्रीय ठरेल. अशा नोंदी सिद्ध करणे हे एम. ए. च्या प्रकल्पाचे आणि पीएच. डी. चेही मान्य काम असावे. सावंतवाडीच्या श्रीराम वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयांतील दप्तरे त्यासाठी उघडावीत आणि तेथील ग्रंथपालांना सहसंशोधक मानावे. एवढे झाले की क्रमांक देणे सोपे आहे, ते यंत्र करील.

हे आपण केले नाही तरी क्रमांक दिले जाणारच आहेत. शोधयंत्रे नावांच्या साम्यावरून नोंदी आपोआप जोडतात आणि तोडतात, आणि त्या जोडतोडीवर आपले विद्यार्थी उद्या प्रबंध लिहितील. आरती प्रभु या कवयित्रीवरील स्त्रीवादी प्रबंध आपल्यापैकी कोणाच्या टेबलावर आला, तर दोष संगणकाला देता येणार नाही.