नापास ठरवण्याआधी

बारावी पास झाल्याचे पेढे वस्तीभर वाटले जातात. पण कॉलेजच्या पहिल्या वर्षाला विषय राहिले, की त्याची वाच्यता घरातही होत नाही. वडील म्हणतात, याला अभ्यासच नको. कॉलेजात टोमणा ऐकू येतो, कोट्यातून आलेले! दोन्हीकडून बोलणी खाल्लेले पोर एक दिवस कॉलेजला जाणे सोडते. आमचे म्हणणे एवढेच, की त्याला असे मोडीत काढण्याआधी त्याची तपासणी करा.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी पुस्तके जड जातात, हे खरे. ती अडचण भाषेची. सरावाने कमी होते. पण ज्याला लहानपणापासून मराठीसुद्धा अडखळत वाचावे लागते, फळ्यावरचे उतरवताना ज्याची अक्षरे गळतात, तोंडी उत्तर चोख पण पेपर अर्धा कोरा, त्याला अध्ययन अक्षमता असू शकते. डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार. तिचा बुद्धी कमी असण्याशी संबंध नाही.

१९९५ च्या अपंग कायद्यात तिला जागा नव्हती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारांत तिचा समावेश केला. प्रमाणपत्रात अक्षमता ४० टक्के किंवा अधिक असेल, तर सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत अशा दिव्यांगांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. लेखनिक घेणाऱ्याला परीक्षेत तासाला किमान २० मिनिटे जादा द्यावीत, असे केंद्राने २०१८ च्या सूचनांत म्हटले. लेखनिक देताना ४० टक्क्यांची अट घालता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले.

तेव्हा पालकांनी मुलाला सरकारी रुग्णालयात न्यावे. प्रमाणपत्र मिळताच प्राचार्यांकडे लेखी अर्ज करावा, प्रतीवर पोच घ्यावी. परीक्षा तोंडावर येईपर्यंत थांबू नये. जातीच्या दाखल्यावर प्रवेश घेतला म्हणून हा हक्क जात नाही. दोन्ही हक्क वेगळे आहेत.

काहींना जादा वेळ मागण्याची लाज वाटते. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याची अडचण पाहून त्यांनी कॉलेजची वेळ बदलली. त्यांच्या लेकरांनी पेपराला तासभर जादा मागण्यात कसली लाज?

विहारात जमणाऱ्या शिकल्यासवरल्या मंडळींना आमची विनंती आहे. वस्तीतील अशा एका तरी मुलाबरोबर, मुलीबरोबर रुग्णालयात आणि कॉलेजच्या ऑफिसात जा. ज्या घरातून प्रथमच कोणी कॉलेजची पायरी चढले आहे, त्या घराला तेवढ्या सोबतीचा मोठा आधार होईल.