पुस्तकाला हार नको, प्रश्न विचारा!

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आलेला आपला माणूस परत जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातो. शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे स्टॉल हा आपल्या चळवळीचा अभिमान आहे, यात वादच नाही. पण घरी गेल्यावर त्या पुस्तकाचे काय होते? अनेक घरांत ते बाबासाहेबांच्या फोटोशेजारी जाऊन बसते. आणि बाबासाहेब आपण वाचतो कुठे? व्हॉट्सअ‍ॅपवर, चार ओळींच्या पोस्टरमध्ये! हे आम्ही स्वतःला वगळून बोलत नाही.

कुठलाही मजकूर वाचताना साधे प्रश्न विचारायचे असतात. बोलतोय कोण? कुणाशी? कशासाठी? शाळेत यांनाच निवेदक, सूर, आशय, उपरोध अशी नावे देतात आणि पाच मार्कांपुरते शिकवतात. आपले काही कार्यकर्ते म्हणतात, "रसग्रहण हे रिकामटेकड्यांचे काम. चळवळीला त्याचा काय उपयोग?" उपयोग काय ते बघा.

'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९४० सालचा. त्याच्या पहिल्या भागात त्यांनी पाकिस्तान मागणाऱ्या मुस्लिमांची बाजू मांडली, दुसऱ्या भागात पाकिस्तानला विरोध करणाऱ्या हिंदूंची. पुढच्या भागांत प्रश्नाची आणखी चिकित्सा केली. आता यातले एक वाक्य कुणीतरी कापते, बाबासाहेबांच्या फोटोखाली चिकटवते आणि आपलाच पोरगा ते फॉरवर्ड करतो. ते वाक्य बाबासाहेबांचे स्वतःचे मत आहे की एका पक्षाचा युक्तिवाद, हे त्याने तपासले का? 'निवेदक कोण' हा पाच मार्कांचा प्रश्न इथे थेट राजकारणाचा होतो. तो न विचारणाऱ्याच्या खांद्यावरून कुणीही बंदूक चालवू शकते.

दुसरे उदाहरण, १९३६चे 'जातिप्रथेचे विध्वंसन'. हे न झालेले भाषण लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले. मंडळाला त्यातला मजकूर पचला नाही, अधिवेशन रद्द झाले, मग बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. त्यात समोर बसलेले श्रोते आहेत जात मोडू पाहणारे हिंदू सुधारक. त्यांना त्यांच्याच धर्मशास्त्रांचा हिशेब मागितला आहे. श्रोता कोण हे विसरून आपण त्यातली वाक्ये आपल्याच वस्तीतल्या सभेत टाळ्यांसाठी वापरतो. टाळ्या मिळतात, पण ज्यांना प्रश्न विचारला होता ते उत्तर न देताच सुटतात.

आता कथा घ्या. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३चा. त्यातल्या याच नावाच्या कथेत रेल्वेत नोकरीला लागलेला तरुण जात लपवतो आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. परीक्षेच्या वळणाचा प्रश्न येईल : 'नायकाने जात का लपवली?' म्हणजे प्रश्नातच आरोपी ठरला! आम्ही म्हणतो, आधी शीर्षक वाचा. कथा सांगणारा 'मी' स्वतःच स्वतःला चोर म्हणतो. कारण माणूस म्हणून वावरणे हीच या व्यवस्थेच्या लेखी त्याची चोरी आहे. मग खरा चोर कोण? हा उपरोध ज्याला कळला नाही, तो 'बिचाऱ्याची दुःखी गोष्ट' म्हणून डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो. आपले साहित्य दया मागायला लिहिलेले नाही. पण तसे वाचले की ते तसेच होऊन बसते.

कुणी म्हणेल, आपल्या पोरांना नोकऱ्या नाहीत, वसतिगृहे नाहीत, आणि हे वाचन शिकवत बसलेत! मित्रांनो, शिष्यवृत्तीचा शासन निर्णय असो की एफआयआर, तो समजून घ्यायला हीच नजर लागते. कोणत्या शब्दाने हक्क दिला आणि पुढच्या ओळीतल्या कोणत्या 'परंतु'ने तो काढून घेतला, हे ज्याला दिसते त्याला फसवणे अवघड जाते.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. दर रविवारी वंदना झाल्यावर विहारात तासभर बसा. एकच पान घ्या. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी विचारावे : कोण बोलतोय, कुणाशी, कशासाठी, आणि काय बोलायचे टाळतोय? उत्तर पानावर बोट ठेवून द्यायचे, "मला वाटते" चालणार नाही. पुस्तक बाबासाहेबांचे असले तरी प्रश्न विचारायचेच. त्यांनीही कुठलाच ग्रंथ हात जोडून वाचला नव्हता.

'शिका' हे भिंतीवर रंगवून झाले. आता वाचायला बसू या.

जय भीम!