फूटपट्टी कशाला लावायची?



फूटपट्टीने काय काय मोजता येतं? वहीचा समास, बाकाची लांबी, फार तर स्वतःची उंची. पण माणसाची बुद्धी मोजता येईल का? तुम्ही म्हणाल, "बाई, काहीतरीच काय!" पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मोठमोठे विद्वान हेच करत होते, बरं का!

आपल्याकडे इंग्रजांचं राज्य असताना १९०१ साली जनगणना झाली. तिचे प्रमुख होते हर्बर्ट रिस्ली. नाक मोजून माणसाचा वंश ओळखता येतो, आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असं त्यांचं म्हणणं. तिकडे जर्मनीत फिशर नावाचे प्राध्यापक कवट्या मोजत होते. गोऱ्या युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात, म्हणून तो इतरांहून बुद्धिमान, असं त्यांना वाटे.

याच फिशरांकडे महाराष्ट्रातली एक तरुणी शिकायला गेली. तिचं नाव इरावती कर्वे. महर्षी धोंडो केशव कर्व्यांची सून आणि पुढे 'युगान्त' लिहिणारी लेखिका. बर्लिनमध्ये इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. पाहतात तो काय, युरोपीय कवट्यांत आणि इतरांच्या कवट्यांत तसा काही फरकच दिसेना! गुरूंचं म्हणणं खरं ठरेना. आता काय करायचं? इरावतीबाईंनी आकडे जसे आले तसे प्रबंधात लिहिले. तेव्हा त्या जेमतेम पंचविशीच्या होत्या.

जर्मनीच्या राज्यकर्त्यांना मात्र असलं काही ऐकायचं नव्हतं. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला. १९३५ च्या कायद्याने ज्यू लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं. कालपर्यंत एका बाकावर बसणारा मुलगा एकदम 'परका' झाला. पुढे सुमारे साठ लाख ज्यू मारले गेले. चुकीची फूटपट्टी सरकारच्या हाती गेली की असं होतं.

आपल्या राज्यघटनेचं कलम १५ घरी जरूर वाचा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून सरकारने कोणाही नागरिकाशी भेदभाव करायचा नाही, असं ते सांगतं. वंशाच्या जोडीला 'जन्मस्थान' कशाला? कारण फूटपट्टी गावालाही लावली जाते!

१ मे १९६० ला मराठी माणसांचं राज्य झालं. त्यासाठी कितीतरी जणांनी प्राण दिले. आपल्या भाषेचा अभिमान हवाच. पण अभिमान वेगळा आणि फूटपट्टी वेगळी. १९६० नंतरच्या वर्षांत मुंबईत नोकऱ्यांवरून दाक्षिणात्यांविरुद्ध आंदोलनं झाली. २००८ साली उत्तरेकडच्या टॅक्सीवाल्यांना मारहाण झाली. इथल्या मुलांना काम मिळायला हवं, हा प्रश्न खराच आहे. पण एका गरिबाची टॅक्सी फोडून दुसऱ्या गरिबाला नोकरी मिळते का? तुम्हीच सांगा.

आता आमची भिवंडी बघा. आगरी, कोळी, कोकणी मुसलमान इथले जुने. मोमीन विणकर आले उत्तर प्रदेशातून, पद्मशाली विणकर तेलंगणातून. सगळ्यांच्या हातांनी यंत्रमाग चालले. मराठी शाळा, उर्दू शाळा, तेलुगू शाळा, सगळ्या याच गावात. मग यातला 'बाहेरचा' कोण?

तरीही फूटपट्टी इथेही आली, ती धर्माची. १९७० आणि १९८४ मध्ये भयंकर दंगली झाल्या. माणसं गेली, घरं जळली, माग थांबले. मग १९८८ मध्ये सुरेश खोपडे नावाचे पोलीस अधिकारी इथे आले. त्यांनी मोहल्ला समित्या सुरू केल्या. दोन्ही धर्मांचे शेजारी आणि पोलीस एका ठिकाणी बसू लागले. भांडण लहान असतानाच मिटवायचं, अफवा आली की आधी एकमेकांना विचारायचं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली होती, तेव्हा भिवंडी शांत राहिली. गावात माणसं तीच होती. एकत्र बसायची सवय तेवढी नवी होती. देशाचं राजकारणसुद्धा अशाच सवयींनी घडतं किंवा बिघडतं.

या आठवड्याचा अभ्यास : आजी-आजोबांना विचारा, आपलं घराणं या गावात कुठून आलं, कधी आलं? पहिल्या दिवसांत आधार कोणी दिला? उत्तरं वहीत लिहून ठेवा. शेजारच्या मित्राचीही लिहा. दोन्ही एकदम वाचा, गंमत येईल.

आणि पालकांनो, तुम्हालाही थोडा अभ्यास. आठवडाभरात आपल्या घरात 'ती लोकं असलीच' हे वाक्य किती वेळा बोललं जातं, ते मोजा. ही मोजणी मात्र खरंच उपयोगाची आहे!

— तुमच्या बाई